तांबडीची डावी सीट

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर कप होते. चहाचे नव्हेत, बक्षिसाचे. दोन कानांचे, पितळेवर चांदीचा मुलामा दिलेले. आत्याला रिकामं भांडं बघवत नसे, त्यामुळे सगळ्यात उंच कपात आमसुलं, शेजारच्यात चिंचेचे गोळे, बसक्या कपात हळकुंडं आणि एक कान तुटलेल्या कपात चुलीजवळचं मीठ, अशी त्यांची वाटणी झाली होती. बाबांच्या गाडीचा इतिहास मी या फळीवरून शिकले. आमसुलांचा कप गोव्याच्या रॅलीचा. वाटेतला पूल खचला म्हणून बाबांनी गाडी तराफ्यावर चढवली होती आणि तरीही वेळेत पोचले होते. चिंचेचा कप घाटातला, ब्रेक गेल्यावर नुसत्या गिअरवर गाडी उतरवून मिळवलेला. हळकुंडांच्या रॅलीत म्हैस आडवी आली, पुढचं मडगार्ड चेपलं, म्हैस उठून निघून गेली आणि बाबा आपल्या गटात दुसरे आले. मिठाचा कप सगळ्यात जुना. तो मिळाला त्याच वर्षी माझी आई गेली, म्हणून त्याची गोष्ट घरात कुणी सांगत नसे.

हे सगळं लिहायला बसले त्याला निमित्त नागावहून आलेल्या एका फोनचं. नीरज नावाचा एक तरुण, वाडी विकत घेऊन तिथे बंगला बांधलेला, जुन्या गाड्या जमवणारा. कुठल्याशा भंगारवाल्याच्या शेडमध्ये त्याला आमची गाडी सापडली. ती पूर्वी रॅलीत पळायची हे कळल्यावर त्याने तिला पुन्हा उभी केली आणि आता तिच्या स्पर्धांचा इतिहास लिहून बाजूला फलक लावायचा, असं त्याच्या मनात होतं. त्या गाडीबद्दल माहीत असलेलं जिवंत माणूस बहुतेक तुम्हीच, असं तो मला म्हणाला. चाळीस पोरांच्या वर्गाला गणित शिकवण्यात माझा जन्म गेला, ‘जिवंत माणूस’ म्हणून कुणी माझी गरज दाखवली नव्हती. मी येते म्हणाले. फोन ठेवल्यावर घरात नेहमीची शांतता झाली, आणि त्या शांततेत मला आमच्या जुन्या घराचे आवाज ऐकू यायला लागले.

आमचं घर गावात नव्हतं. उरणच्या पलीकडे, मिठागराच्या कडेला, गावापासून तोडून ठेवल्यासारखं होतं. माझ्या आजोबांनी राखणीसाठी तिथे खोपटं बांधलं, त्याचं पुढे घर झालं. समोर मिठाचे चौकोन, त्यापलीकडे तिवरं, त्यापलीकडे खाडी. उन्हाळ्यात दुपारी खिडकी उघडली की पांढऱ्या उजेडाने डोळे दुखत. झाड नाही, शेजार नाही. संध्याकाळी वारा पडला की गावातल्या बायका एकमेकींना हाका मारतात ते ऐकू येई, पण हाक आमच्या घराला कधी नसे. आज तिथे कंटेनरांचं आवार आहे. न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगेत माझी रिक्षा अडकते तेव्हा मी हिशेब करते की आमची चूल साधारण कुठल्या कंटेनरखाली असेल.

घरात आम्ही तिघं. बाबा, त्यांची विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. बाबांचे मिठाचे ट्रक होते. ट्रक दुरुस्त करता करता त्यांचा हात इंजिनात बसला, आणि मग एका पारशी गृहस्थाची गाडी त्यांनी विकत आणली. मुंबईत ज्या गाड्या तेव्हा काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून धावत, त्याच जातीची, फक्त लाल. आत्याने तिला गाईसारखं ‘तांबडी’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. पडवीला लागून पत्र्याची शेड होती, तिथे बाबा तांबडीशी बोलत. खरंच बोलत. कार्बोरेटर उघडून ठेवून, ‘कय झाला तुला, आज मनासारखी का घेत न्हाय?’ असं. मी अंथरुणात पडून ऐकत असे. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे जेवलीस का, दिवा मालव, आत्याला हाक मार. वाईट नव्हते ते. कधी हात उगारला नाही, कधी काही नाकारलं नाही. मुलीशी काय बोलायचं हे त्यांना सुचत नसे, आणि ज्या बाईने ते सुचवलं असतं ती मिठाच्या कपाच्या वर्षी गेली होती.

बाबा मोकळे व्हायचे ते वसंतकाका आले की. वसंतकाका पोस्टात होते आणि रॅलीत बाबांच्या डाव्या सीटवर बसायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या वेळच्या रॅलीत नुसतं भरधाव पळून भागत नसे. दिलेल्या रस्त्याने, दिलेल्या वेगाने, दिलेल्या मिनिटाला, वेळ नोंदणाऱ्या पुढच्या ठाण्यावर पोचायचं. उशीर झाला तरी दंड, लवकर पोचलात तरी दंड. आयोजक एक पुस्तक देत. त्यात गावांची नावं क्वचित, नुसत्या खुणा. एक ठिपका म्हणजे तुम्ही, एक बाण म्हणजे वळण, शेजारी अंतर. ड्रायव्हरने रस्ता बघायचा, डावीकडच्याने पुस्तक आणि घड्याळ बघायचं आणि अखंड बोलत राहायचं. डावं घे, पूल आहे, चढ, आता हळू, अर्धा मिनिट पुढे आहोत. त्याला नेव्हिगेटर म्हणत. वसंतकाका आणि बाबा जुनी पुस्तकं काढून जेवणाच्या पाटावर बसूनही हा खेळ खेळत. काका वाचायचे, बाबा डोळे मिटून हात हलवायचे. मी भांडी आवरत ऐकायचे. बाबांशी कुणी इतकं बोलतं, आणि बाबा प्रत्येक शब्द मान हलवून घेतात, याचा मला हेवा वाटायचा. मला गाडीचं वेड नव्हतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला ती डावी सीट हवी होती.

म्हणून मी शिकले. वेग, वेळ, अंतर यांची गणितं मला शाळेपासून पाण्यासारखी यायची, आणि खुणांची भाषा वसंतकाकांनी हौसेने शिकवली. त्यांचा एक नियम होता, तो त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतला. ड्रायव्हर चुकतोय असं दिसलं तर पुस्तकातलं दोनदा स्पष्ट वाचायचं, तिसऱ्यांदा नाही. दोनदा सांगूनही त्याने ऐकलं नाही तर गाडी त्याची. आणि हसून ते पुढे म्हणायचे, “जिंकली तर ड्रायव्हरने, हरली तर नेव्हिगेटरने. हे मनाला लावून घ्यायचं नाही, मंदा.” मला तेव्हा तो विनोद वाटला होता.

मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते. कॉलेज लांब, आणि मुलीला इतकं कशाला, असं गावाचं मत. आत्याने स्थळांची बोलणी काढली होती. त्या थंडीत मुंबईहून निघून देशावर जाऊन, घाट उतरून, श्रीवर्धन-अलिबागवरून परत मुंबई अशी रॅली ठरली, आणि परतीचा रस्ता आमच्या खाडीवरून, आमच्या गावातून जाणार असं कळलं तेव्हा गाव वेडं झालं. सरपंचांनी शाल-नारळाची तयारी केली. आणि नेमकी वसंतकाकांना कावीळ झाली. डोळे पिवळे करून ते पेज पीत पडले होते. बाबा त्यांच्या उशाशी बसले होते आणि मी दाराशी. काका म्हणाले, मंदाला ने, तिला माझ्यापेक्षा जास्त येतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ ते माझ्याकडे कधी बघत राहिल्याचं मला आठवत नाही. घरी येताना त्यांनी एवढंच सांगितलं की ही नीट झाली तर पुढल्या साली दक्षिणेतल्या मोठ्या रॅलीलाही मीच. आत्याला त्यांनी स्थळाची बोलणी थांबवायला सांगितली. आत्या म्हणाली, पोरीची जात, घाटात ओकत बसेल. मग तिने लिंबं बांधून दिली.

मी ओकले नाही. पहिल्या दिवसाचं मला आज काय आठवतं, तर माझाच आवाज. दिवसभर मी बोलत होते आणि माझे वडील ऐकत होते. डावं, आणि गाडी डावीकडे वळायची. हळू, आणि इंजिनाचा आवाज उतरायचा. गल्लीतल्या पोराला राज्य मिळावं तसं मला झालं होतं. मुक्कामाच्या गावी इतर ड्रायव्हर येऊन विचारायचे, हिराजी, ही कोण? आणि बाबा म्हणायचे, “माझी नेव्हिगेटर हाय.” मुलगी म्हणायचे नाहीत. मला ते जास्त आवडलं. दुसऱ्या दिवशी घाट उतरून श्रीवर्धनला आलो तेव्हा आमच्या गटात आम्ही पुढे होतो.

श्रीवर्धनला एका सुपारीच्या वाडीत आमची झोपायची सोय होती. शेवटच्या दिवशी पहाटे निघायचं, म्हणून त्या घरच्या काकूंनी लवकर उठून साबुदाण्याची खिचडी केली. आज मला संकष्टी आहे, तुम्हालाही उपासाचंच मिळेल, असं त्या ओशाळून म्हणाल्या. बाबांनी खिचडी दोनदा घेतली. ओलं खोबरं भरपूर होतं. वाटेत लागेल म्हणून आत्याने दिलेला भाकऱ्यांचा आणि सुकटीच्या चटणीचा डबा मी तपासला, तो अजून चांगला होता.

आमच्या खाडीवर जुना बांध होता. मिठागराकडे जाणारा, दगड-मातीचा, एक गाडी जेमतेम जाईल एवढा. मोठ्या भरतीला तो पाण्याखाली जायचा. त्या बांधावरून गेलं की गावातलं ठाणं लगेच, आणि वरच्या रस्त्याने वळसा घातला तर थोडा दंड बसेल एवढा उशीर. पुस्तकात दोन्ही वाटा दिल्या होत्या आणि खाली बारीक अक्षरात सूचना होती की दीड वाजून गेल्यावर बांधावर जाऊ नये. पेणहून निघाल्यावर पाऊस-चिखलाचं काही कारण नसताना बैलगाड्यांच्या एका रांगेने आम्हाला अडवलं, आणि बांधाच्या फाट्याशी आलो तेव्हा दीड होऊन गेला होता. आमच्या पुढची गाडी वरच्या रस्त्याला लागलेली दिसली. मी सूचना वाचली. बाबांनी गाडी थांबवली, पण वळवली नाही.

“आज संकष्टी,” ते म्हणाले. “म्हंजे चवथ. चाराचं पाऊनपट तीन. तीनला भरती भरल. दीडला बांधावर पानी कुठला?”

खाडीकाठच्या कुणालाही हा हिशेब ठाऊक असतो. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, ती भरती भरण्याची वेळ. आमच्याकडे घड्याळ नसलेली माणसंही त्यावर मिठागराच्या झडपा उघडत. मी पुन्हा वाचलं, आवाज चढवून. दीडनंतर बांधावर जाऊ नये.

“ते मुंबईत बसून लिवलंय,” बाबा म्हणाले. “मी हितं जन्मलोय.”

दोनदा झालं होतं. मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मलाही बाबांचंच पटलं होतं. मिठागरवाल्याला भरती कुणी शिकवावी? तांबडी बांधावर उतरली.

अर्ध्यावर तिवरांचं वळण होतं. ते ओलांडलं आणि समोर बांध नव्हताच, नुसतं पाणी, आणि त्यातून वर आलेल्या खुणेच्या काठ्या. मागे फिरायला जागा नव्हती. बाबांनी गाडी तशीच रेटली. पाणी चाकाच्या वर आलं, पंख्याने ते इंजिनभर उडवलं, तांबडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. त्यानंतर इतकी शांतता झाली की पाणी दारातून आत येतंय ते ऐकू यायला लागलं. बाबा शांतपणे म्हणाले, दोन्ही दारं उघड, पाणी आरपार जाऊ दे, नाहीतर गाडी तरंगेल. मग त्यांनी मला उघड्या दारातून टपावर चढवलं, डबा वर दिला, आणि स्वतः चढले.

आमची गाडी खाऱ्या पाण्यात सडत होती आणि तिच्या टपावर बसून आम्ही बापलेक भाकरी खात होतो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा वेळ कुठला असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन, आणि ऐकणाऱ्याला माझी दया येईल याची मला खात्री आहे. करायला काहीच नव्हतं. पाणी उतरेपर्यंत बसायचं. दोन्हीकडे खाडी, तिवरांवर बगळे, हाकेच्या टप्प्यात कुणी नाही. आणि बाबा बोलायला लागले. आधी तांबडीबद्दल, मग आजोबांबद्दल, मग, मी न विचारता, आईबद्दल. गाडी आणली त्या दिवशी ती कौतुकाने डावीकडे बसली होती. “पनवेलपतूर ओकत आली,” बाबा म्हणाले. “उतरली नि बोलली, मी पुन्ना हिच्यात बसनार न्हाय, तुजा तू बस.” ते हसले. मीही हसले. आईचा आवाज कसा होता ते मी विचारलं. ते म्हणाले, तुझ्यासारखाच, आज तू वाचत होतीस तसा. मग चटणी पुसून घेत ते म्हणाले की गाडी धुऊन काढू, इंजिन खोलू, दक्षिणेला जायचंच आहे. मी हो म्हणाले. बांधाचे दगड दिसायला लागले तेव्हा मला वाईट वाटलं.

पाणी उतरलं तशी गावातली माणसं बांधावरून चालत आली. ठाण्यावर आमची वाट पाहून त्यांना शंका आली होती. दोर लावून, ढकलून त्यांनी तांबडीला गावात नेलं. तिच्या दारांतून अजून पाणी गळत होतं. ठाण्याशी सगळं गाव उभं होतं. सरपंच शाल हातात घेऊन, बाबांचे थोरले भाऊ, बाबांच्या बरोबरीचे सगळे मिठागरवाले. कुणी हसत नव्हतं, पण हसू धरून ठेवलेले चेहरे ओळखू येतात. मिठागरवाल्याची गाडी, स्वतःच्या गावच्या बांधावर, भरतीत. मुंबईचा एक अधिकारी कागद घेऊन पुढे आला आणि त्याने सभ्यपणे विचारलं की सूचना असताना गाडी बांधावर कशी आली, माघारीचं कारण काय लिहू?

बाबांनी गर्दीकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे.

“पोर नवीन हाय,” ते म्हणाले. “वाचायला चुकली.”

पुस्तक माझ्या हातात होतं, ओलं होऊन फुगलेलं. बोट अजून त्या पानातच होतं. त्या माणसाने मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं कोण जाणे, पण त्याने विचारलं नाही, त्याने लिहून घेतलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, बायकांचं काम हाय का ते. आणि मग सगळे एकदम मोकळेपणाने हसले, बाबांच्या पाठीवर थापा पडल्या. मला राग आला नाही. राग यायला समोरचा माणूस आपला नाही असं वाटावं लागतं. मला एकटं वाटलं. इतकं, की त्यानंतर नवरा गेला तेव्हाही तितकं वाटलं नाही.

इथपर्यंत असतं तरी निभावलं असतं. वसंतकाकांचा नियम होताच, हरली तर नेव्हिगेटरने. मी मनात ठरवूनही टाकलं होतं की बोलायचं नाही, घरी गेलं की बाबा डोळ्यांनी काहीतरी सांगतील, आपण समजून घेऊ, पुढल्या वर्षी दक्षिणेला जाऊ. दिवेलागणीला घरी पोचलो. आत्याचाही उपास होता. ती चंद्राची वाट बघत ओटीवर बसली होती, मोदकांचं सारण तयार होतं. तिला गावातून सगळं कळलं होतं. तिने मला जवळ घेतलं नाही, तशी पद्धत नव्हती, पण गरम पाणी काढलं. आणि बाबांच्या पुढ्यात ताट ठेवताना, तिच्या नेहमीच्या सुरात, कुणालाही न टोचता, ती बोलून गेली.

“आज सकाळी तीजच होती रं हिराजी. चवथ दुपारची लागली. चांद उगवायला चवथ पायजे म्हनून उपास आजचा. भरती तिजंच्या हिशेबाने सवा दोनला.”

संकष्टीचा उपास चंद्रोदयाची तिथी बघून धरतात, आणि भरतीचा हिशेब सकाळच्या तिथीवर करतात. घरी असते तर बाबांनी पौर्णिमेपासून दिवस मोजले असते. तीन दिवस रस्त्यावर होते, मोजणी सुटली, आणि खिचडी खाताना त्यांनी ऐकलेल्या उपासाला तिथी धरलं. अशी चूक मुंबईच्या माणसाला करताच आली नसती. ती चूक करायला खाडीकाठीच जन्मावं लागतं.

बाबांचा घास हातात होता. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांच्याकडे बघत होते. मी बघायला नको होतं असं मला आजही वाटतं. त्या एका नजरेत त्यांना कळलं की मला कळलंय. त्यांनी घास खाल्ला, पूर्ण जेवले, हात धुतले आणि शेडमध्ये गेले. त्या दिवशी तिथून बोलण्याचा आवाज आला नाही.

नंतरचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. बाबा मला टाळायला लागले. मी ओटीवर आले की ते शेडमध्ये, मी शेडमध्ये गेले की ते मिठागरावर. जेवायला माझ्यानंतर बसत. महिन्याभरात तांबडी विकली. खारं पाणी आत गेलंय, आता ती कुजणार, असं कारण सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. दक्षिणेचा विषय कुणी काढला नाही. जूनमध्ये त्यांनी मला मुंबईच्या कॉलेजात घातलं, वसतिगृहात ठेवलं. गावात पहिली मुलगी. लोक म्हणाले, बाप असावा तर असा. मला ठाऊक होतं, त्यांनी मला समोरून हलवलं होतं. मोऱ्याच्या धक्क्यावर मला लाँचमध्ये बसवायला ते आले. ट्रंक आत ठेवली, पैसे दिले आणि लाँच सुटायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागले. मी चुकले असते तर त्यांनी मला माफ केलं असतं. चुकलेल्या पोरीला कुठलाही बाप माफ करतो. मी बरोबर होते, त्याला इलाज नव्हता.

एक मात्र सांगायला हवं. सुटीत घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात, कपांच्या फळीखाली, खिळ्याला भरती-ओहोटीचं छापील कोष्टक टांगलेलं होतं. मुंबईत मिळतं ते, बंदरावरच्या लोकांसाठी छापलेलं. मिठागरवाल्याच्या घरात छापील कोष्टक म्हणजे कोळ्याने मासा कसा ओळखावा याचं पुस्तक विकत घेण्यासारखं. लोक चेष्टा करत. बाबा दर वर्षी नवं आणून टांगत, जुनं चुलीत घालत. ते गेले त्या वर्षापर्यंत. ते माझ्यासाठी होतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर, असं मी आता म्हणते, पण तेव्हा ते खोलीत असायचेच कुठे.

तर नागावला गेले. नीरजने मला काकू म्हणून हाताला धरून आत नेलं. तांबडी तिथे उभी होती. तिचा लाल रंग नवा होता, आमच्या लालपेक्षा झगझगीत, पण म्हशीने चेपलेलं मडगार्ड त्याने मुद्दाम तसंच ठेवलं होतं. मला तो मुलगा आवडला. मी त्याच्यासाठी मिठाचा कप नेला होता. बाकीचे कप आत्याच्या मागे कुठे गेले मला माहीत नाही. गाडीच्या बाजूला फलक होता, अजून कागदावरच, नीट करायचा. वर चालक म्हणून बाबांचं नाव ठळक, खाली ओळीने सगळ्या स्पर्धा, निकाल आणि नेव्हिगेटर. गोव्याला वसंतकाका, घाटात वसंतकाका, म्हशीच्या रॅलीला वसंतकाका. शेवटच्या ओळीत नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘माघार. नवख्या नेव्हिगेटरची चूक.’ त्या काळच्या नोंदीत तसंच होतं, असं नीरज म्हणाला. काही चुकलं असेल तर सांगा, तुम्ही म्हणाल ते लिहितो.

मी डावीकडचं दार उघडलं आणि आत बसले. सीटचं कापड नवं होतं, समोरची काच तीच वाटली. उजवीकडे चाक होतं आणि चाकामागे कुणी नव्हतं. संकष्टी, तीज, पाऊणपट, सगळं सांगता आलं असतं. गणिताच्या शिक्षिकेला हे दोन मिनिटांचं काम. पोरगा शहाणा होता, त्याने सगळं लिहून घेतलं असतं, बाबांच्या ठळक नावाखाली.

“ओळ राहू दे,” मी म्हणाले. “फक्त ‘नवख्या’ खोड आणि तिथे नाव लिही. मंदाकिनी हिराजी.”

तो वाकून माझ्याकडे बघायला लागला. “पण काकू, मग चूक तुमच्या नावावर लागेल.”

“लागू दे. सीट माझीच होती.”

त्याने खिशातून पेन काढलं, कागद तांबडीच्या टपावर ठेवला आणि लिहिलं. मग मला वाचायला आत दिला. मी ती ओळ मोठ्याने वाचली, आणि एकदा पुन्हा.